सुटल्यावर दवाखाना कुणाचा?

महिन्यातून एकदा मी अण्णांना घेऊन ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला जातो. अण्णा सुभेदार म्हणून सुटले. ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना तिथलं चित्र सांगायला नको. कापडी पिशवीत संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, प्लास्टिकच्या फोल्डरात पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स, शर्टाच्या खिशात स्मार्ट कार्ड. टोकनावरून दोन हवालदारांची थोडी खडाजंगी, आणि पाचच मिनिटांत तेच दोघं शेजारी बसून लेहच्या थंडीच्या गोष्टी सांगताना. खिडकीतून ‘ही एनए आहे’ असा आवाज आला, म्हणजे ती गोळी आज नाही, की रांगेतली एखादी आजी पदर सावरत म्हणते, ‘मागच्या महिन्यातबी नव्हतीच.’ तक्रारी भरपूर आहेत. तरी पुढच्या महिन्यात सगळे पुन्हा हजर असतात, कारण बाहेरच्या मेडिकलमध्ये याच पिशवीचं बिल किती होतं ते प्रत्येकाला पाठ आहे.

गेल्या खेपेला आमच्या वाडीतल्या एक काकू गाडीतून सोबत आल्या. त्यांचं काम बाजारात होतं, पण तासभर त्या आमच्याबरोबर बाकावर बसून राहिल्या. त्यांचा मुलगा अग्निवीर आहे, म्हणजे चार वर्षांच्या बोलीवर फौजेत गेलेला. त्यांना स्वतःला बीपी, नवऱ्याला साखर. परतीच्या वाटेवर घाट उतरताना त्यांनी विचारलं, ‘आमचं पोरगं सुटलं की आमचंबी असं कार्ड हुईल का?’ अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मी ‘बघतो’ म्हणालो. बघण्यासारखं काही नव्हतं. उत्तर मला माहीत होतं.

उत्तर सरकारी कागदात अगदी स्वच्छ लिहिलेलं आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हाच सांगितलं गेलं की चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होतील. बाकीच्यांना सेवानिधी नावाची एकरकमी रक्कम मिळेल. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही. नोकरीत असेपर्यंत लष्करी रुग्णालयाचा उपचार आणि कॅन्टीनची सोय, आणि तीही ‘नेमणुकीच्या काळापुरती’. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला बसल्या, म्हणजे त्यांची चार वर्षं भरतात २०२६ च्या शेवटाला आणि २०२७ च्या तोंडावर. पहिल्या वर्षी तिन्ही दलांत मिळून ४६,००० जणांच्या भरतीची घोषणा होती. त्यातले २५ टक्के ठेवले असं धरलं तरी साडेचौतीस हजारांच्या आसपास तरुण घरी येतात. पुढच्या वर्षी पुढची तुकडी.

अग्निपथ बरी की वाईट, या वादात मला इथे शिरायचं नाही. तो वाद आमच्याकडे पारावर रोज रंगतो आणि रोज जिथल्या तिथे राहतो. पेन्शनचाही मुद्दा बाजूला ठेवतो. माझं मागणं बारीक आहे: ज्या मुलाला लष्कर स्वतः सोडतं, त्याला आणि त्याच्या घरच्यांना सुटल्याच्या दिवसापासून निदान दोन वर्षं आजारपणाचं संरक्षण द्यावं. कायमचं कार्ड नको. नदीच्या अलीकडून पलीकडे जाण्यापुरता साकव हवा.

लष्करात एका दिवसात किती गोष्टी तुटतात याची बाहेरच्याला कल्पना नसते. अण्णांच्या डिस्चार्जची तारीख आमच्या घरात वर्षभर आधीपासून कॅलेंडरवर गोल केलेली होती. राहायचं क्वार्टर, मुलांची शाळा, कॅन्टीन, दवाखाना हे सगळं एकाच फौजी नंबरावर चालतं, आणि तो नंबर बंद झाला की सगळं एकदम बंद. पण अण्णांसाठी पुढची व्यवस्था लावून ठेवलेली होती. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस सुरू झाली. वर्गणी एकदाच भरायची आणि पुढे जन्मभर नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं, अवलंबून असलेले आई-वडील यांचा उपचार. आज शिपाई ते हवालदार या हुद्द्यांना ती एकरकमी वर्गणी ३०,००० रुपये आहे. कार्ड हातात येईपर्यंत तात्पुरती पावती मिळते, तीवरही काम भागतं. म्हणजे ज्याला पेन्शन आहे त्याच्या दोन दवाखान्यांच्या मध्ये फट राहू नये याची काळजी खात्यानेच घेतलेली आहे. ज्याला पेन्शन नाही, त्याच्या बाबतीत मात्र ती फटच कायमची.

यावर पहिला सवाल येतो तो वयाचा. मुलगा सुटताना एकवीस ते पंचवीस वर्षांचा. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळणारा, बीम मारणारा. त्याला कसला दवाखाना? सवाल बरोबर आहे आणि अर्धा आहे. धडधाकट मुलाच्या घरात आई-वडील असतात. भरतीला जाणारी आमच्याकडची बहुतेक मुलं दोन-चार एकरांच्या घरातली. बाप पंचेचाळीस-पन्नाशीचा, आई त्याच्या आसपास. साखर, बीपी, गुडघे, आईची गर्भपिशवी ही दुखणी याच वयात घरात शिरतात. पोरगा पगारातून पैसे पाठवतो आणि त्यातून महिन्याच्या गोळ्या येतात. अग्निवीराच्या हातात पहिल्या वर्षी ३०,००० पैकी २१,००० येतात आणि चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. उरलेले ३० टक्के सेवानिधीत जातात आणि तेवढीच भर सरकार घालतं. हातात येणाऱ्या त्या रकमेवरच घराचा औषधपाण्याचा खर्च बेतलेला असतो. चार वर्षांनी तोच झरा आटतो.

मुलाचं शरीरही दिसतं तितकं निर्धास्त नसतं. उंचीवरच्या पोस्टवर काढलेला हिवाळा, तोफखान्यात कानाजवळ झालेले आवाज, पाठीवरचं वजन, घोट्याला बसलेली मुरड. सुटताना मेडिकल होतं, कागदावर सगळं नीट दिसतं. कंबर बोलायला लागते ती दीड वर्षाने, पुण्याच्या एखाद्या गोडाऊनमध्ये बारा तास उभं राहिल्यावर. अण्णांच्या डाव्या कानाचं आम्हाला ते सुटल्यावर तीन वर्षांनी कळलं. तोवर आई समजायची, हे मुद्दाम ऐकत नाहीत.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. भरतीला अविवाहित असणं ही अट आहे. वायुदलाच्या जाहिरातीत तर स्पष्ट लिहितात की या चार वर्षांत लग्न केलं तर सेवेतून काढलं जाईल. अट असायला हरकत नाही, प्रशिक्षणातल्या मुलाला संसार झेपत नाही हे मान्य. पण तिचा परिणाम बघा. मुलगा सुटतो, हातात ११.७१ लाखांचा सेवानिधी येतो, आणि आमच्या भागातली रीत अशी की सहा महिन्यांत मुलगी बघायला सुरुवात. पुढच्या मे महिन्यात लग्न. त्याच्या पुढच्या वर्षी पाळणा. म्हणजे या मुलांच्या बायकांची पहिली बाळंतपणं बरोबर त्या दोन वर्षांत येतात ज्यात यांच्या डोक्यावर कुठलंच छत्र नाही. खासगी विम्यात बाळंतपणाला आधी ठरावीक काळ थांबावं लागतं, तो काळ बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांच्या घरात असतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत होतं, हे खरं आहे. पण सातव्या महिन्यात काही गुंतागुंत झाली आणि बाळ काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, तर लोक जवळचं जे हॉस्पिटल दिसेल तिथे धावतात, मग ते कुणाचंही असो. सेवानिधीतून पहिला मोठा चेक कुठे फुटतो ते मग कळतं.

यावर अमेरिकेत काय आहे हे बघण्यासारखं आहे, कारण हा तात्पुरत्या संरक्षणाचा विचार त्यांनी बराच आधी केला. शीतयुद्ध संपल्यावर नव्वदच्या दशकात त्यांनी फौज कमी करायला घेतली. ज्यांना सरकारने स्वतः घरी पाठवलं, त्यांच्या कुटुंबाचा लष्करी आरोग्यविमा काही काळ पुढे चालू ठेवायची सोय केली. आधी मुदत साठ किंवा एकशेवीस दिवसांची होती, नोकरी किती झाली त्यावर. इराकच्या युद्धाच्या काळात, २००४ मध्ये, ती सरसकट १८० दिवस झाली. हप्ता नाही. बायको-मुलं त्यात आली. ते सहा महिने संपले की साठ दिवसांच्या आत अर्ज करून अठरा महिन्यांपर्यंतचा विमा स्वतःच्या पैशाने विकत घेता येतो, आणि त्याचा हप्ता चांगला जड असतो. सैनिकाला स्वतःला माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांचा मार्ग राहतो. लढाईच्या क्षेत्रात राहून आलेल्यांसाठी त्याची विशेष मुदत २०२२ च्या कायद्याने पाच वर्षांवरून दहा वर्षांवर गेली. कुटुंबाला मात्र त्या रुग्णालयांत सहसा जागा नाही. त्यामुळे मधले सहा महिने हे खरं तर बायकामुलांसाठीच.

अमेरिकेचं सगळंच गोडवे गाण्यासारखं आहे असं नाही. जो आपला करार पूर्ण करून स्वखुशीने बाहेर पडतो त्याला हे सहा महिने सहसा मिळत नाहीत, राखीव दलात नाव नोंदवलं तर गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे मुळात आजारी पडणं इतकं महाग की विम्याशिवाय एक दिवस काढणंही जुगार. ब्रिटनमध्ये हा प्रश्नच जवळजवळ पडत नाही. सैनिक सुटला की गावातल्या डॉक्टरकडे नाव घालतो आणि सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांसारखी त्यालाही लागू होते. आपली गत या दोघांच्या मधली आहे. अमेरिकेसारखी महाग नाही, ब्रिटनसारखी सगळ्यांना पुरणारीही नाही.

अमेरिकेच्या नियमातलं एक सूत्र मात्र मला महत्त्वाचं वाटतं. जो सोडून जातो आणि ज्याला सोडलं जातं, या दोघांत त्यांनी फरक केला. आपले ७५ टक्के अग्निवीर यातले कोण? सही करताना त्यांना चार वर्षं ठाऊक होती, हे कुणी नाकारत नाही. पण त्यातल्या बहुतेकांना कायम व्हायचंय. आमच्या तालुक्यातल्या भरतीची तयारी करून घेणाऱ्या कुठल्याही ॲकॅडमीच्या मैदानावर पहाटे पाच वाजता जाऊन विचारा. ‘चार वर्षं करून येतो’ म्हणणारा मुलगा सापडायला वेळ लागेल. निवड झाली नाही म्हणून जो परत येतो त्याला मालकानेच थांबवलेलं असतं. आणि हा मालक असा की थांबवायची तारीख त्याला चार वर्षं आधीपासून माहीत आहे. कारखाना अचानक बंद पडतो, दिवाळखोरी होते, तिथे अचानक हात वर करणं समजू शकतो. इथे अचानक असं काहीच नाही. तारीख, संख्या, वय, जिल्हा, सगळं संगणकात आहे. एवढी नेमकी माहिती हातात असताना तयारी न करणं, याला मी साधा निष्काळजीपणा म्हणणार नाही. ती सोय आहे, सरकारची.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाहेर चहा पिताना एका निवृत्त कॅप्टनसाहेबांशी माझा यावर वाद झाला, आणि त्यांचे मुद्दे मला उडवून लावता आले नाहीत.

त्यांचं म्हणणं पहिलं असं की महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, दीड लाखाचं कवच पाच लाखांवर गेलं. मग वेगळं काय हवं? मी ती योजना चालताना पाहिली आहे. आमच्या भावकीतल्या एकाची अँजिओप्लास्टी तिच्यातून झाली आणि त्याने घरातून काढलेला पैसा गाडीभाड्याचा होता. त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. पण ती ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी आहे, मुख्यतः दाखल झाल्यावरच्या. महिन्याच्या गोळ्या, साखरेची तपासणी, गुडघ्याचा एक्स-रे, ओपीडी हे तिच्या कामाचं नाही. आमच्या पॉलिक्लिनिकच्या बाकावर बसलेल्या शंभरातल्या नव्वद जणांचं काम नेमकं हेच असतं. शिवाय सुटलेला मुलगा कामाच्या मागे सुरतेला किंवा हैदराबादला गेला, तर आपल्या राज्याची ही योजना तिथे त्याच्या उपयोगाला किती येणार?

त्यांचा दुसरा मुद्दा पैशाचा. पावणेबारा लाख करमुक्त हातात आहेत, घ्यावा की विमा. घ्यावाच. पण विमा पैशाने मिळतो तसा वेळेनेही मिळतो. आधीपासून असलेल्या आजाराला विमा कंपनी थांबायला लावते. पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत असायची, २०२४ मध्ये नियामकाने ती जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. काकूंच्या नवऱ्याला साखर आहे हे आज माहीत आहे. मुलगा सुटल्यावर पॉलिसी घेतली तर साखरेशी संबंधित काहीही तीन वर्षं बाहेर राहू शकतं. हप्ता भरायचा आणि ज्या दुखण्यासाठी तो भरतोय त्याला वाट बघायला सांगायची. आणि पावणेबारा लाखांचं काय होतं हे कॅप्टनसाहेबांनाही माहीत आहे. बहिणीचं लग्न, बोअर, सोसायटीचं थकलेलं कर्ज, घरावरचा स्लॅब. त्यात कुणाची चूक नाही. चार वर्षं सगळं घर त्या रकमेकडे बोट दाखवून उधाऱ्या पुढे ढकलत आलेलं असतं.

यातला विरोधाभास मी त्यांना सांगितला तेव्हा ते हसले, पण खोडला नाही. हाच मुलगा समजा एखाद्या सिक्युरिटी एजन्सीत लागला आणि पगार २१,००० च्या आत असला, तर त्याला ईएसआय, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, लागू होतं. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि नोकरीला लागल्यापासून त्याला, बायकोला आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांना दवाखाना सुरू. मॉलच्या दारात उभं राहिलं की घरच्यांना औषध आणि सीमेवर उभं राहून आलं की काही नाही, असा हा हिशोब बसतो. पगार एकवीस हजारांच्या वर गेला की तेही बंद. म्हणजे जरा बरी नोकरी लागली की पुन्हा उघडा.

कॅप्टनसाहेबांचा शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार होता, आणि मला वाटतं तो खरा अडथळा आहे. ते म्हणाले, ‘ईसीएचएसच आता श्वास घेत नाही, त्यात आणखी माणसं कोंबू नका.’ हे खरं आहे. योजनेला जोडलेल्या हॉस्पिटलांची बिलं थकतात, मग हॉस्पिटल ‘ईसीएचएसला बेड नाही’ म्हणतं आणि रोख भरणाऱ्याला तोच बेड मिळतो. गेल्या वर्षी अण्णांच्या मोतीबिंदूला आम्ही तीन ठिकाणी फिरलो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेला ८,३१७ कोटी रुपये दिले होते, तरी पुरत नाही असंच प्रत्येक रांगेत ऐकू येतं. पेन्शनवाल्यांच्या रांगेत अग्निवीरांचे आई-वडील उभे केले तर दोघंही एकमेकांकडे डोळे वटारून बघतील, आणि त्यात सरकार निवांत.

म्हणून तर मी ईसीएचएसचं कार्ड मागत नाही. समूह विमा घ्या. सुटणाऱ्या तुकडीचा, मुदतीचा, आई-वडील आणि होणाऱ्या बायकोसकट, पहिल्या दिवसापासून जुन्या आजारांना आणि बाळंतपणाला लागू. समूह विम्यात या अटी सैल करून घेता येतात, कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी रोज करतात. पैशाचा अंदाज मी माझ्यापुरता काढून बघितला. समजा एका कुटुंबाला वर्षाचा हप्ता २५,००० पडला आणि पहिल्या तुकडीतले साडेचौतीस हजार जण धरले, तर वर्षाला सुमारे ८६ कोटी होतात. हप्त्याचा आकडा माझा आहे, तो दुप्पट निघाला तर १७२ कोटी म्हणा. ज्या संरक्षण खात्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ६.८१ लाख कोटींचा होता, त्यात ही रक्कम शोधायला चष्मा लागेल. पहिले सहा महिने सरकारने भरावेत, पुढच्या दीड वर्षाचा निम्मा हप्ता सेवानिधीतून कापला तरी माझी हरकत नाही. कापलेला पैसा दिसत नाही आणि हातात आलेला टिकत नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येक आईला माहीत आहे.

एक सुचवणी तर फुकटात होण्यासारखी आहे. समूह विम्यातून बाहेर पडणाऱ्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी झालेला काळ थांबण्याच्या मुदतीत धरला जातो, अशी सोय विम्याच्या नियमांत आहेच. तीच अग्निवीराला लावा. मुलगा भरती झाला त्या दिवसापासून त्याच्या आई-वडिलांची नावं एका साध्या समूह पॉलिसीत घाला. चार वर्षं त्याच्या पगारातून थोडे पैसे जाऊ द्या. तो सुटेल तेव्हा बापाच्या साखरेचा वनवास संपलेला असेल.

‘असं करता येत नाही, नियमात बसत नाही’ हे उत्तर मला कुणी देऊ नये. शॉर्ट सर्व्हिसचे, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घेतलेले, अधिकारी दहा-दहा, चौदा-चौदा वर्षं नोकरी करून पेन्शनशिवाय बाहेर पडत आणि ईसीएचएसच्या दाराबाहेर उभे राहत. २००३ पासून सोळा वर्षं त्यांना हेच सांगितलं गेलं की पेन्शन नाही म्हणून कार्ड नाही. मार्च २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने एका बैठकीत तो नियम बदलला. प्रशिक्षणात जायबंदी होऊन अकादमीतून घरी पाठवलेल्या कॅडेटांचं तेच. ते अधिकारी झालेच नाहीत म्हणून माजी सैनिकही नाहीत, म्हणून उपचार नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महिना संपायच्या आत संरक्षण मंत्रालयाने त्यांना ईसीएचएस खुली केली. नियम हलतो. फक्त कुणीतरी व्हीलचेअरवर बसेपर्यंत आणि वर्तमानपत्रात छापून येईपर्यंत तो हलत नाही. यावेळी त्याच्या आधी हलवायची संधी आहे, कारण तारीख सगळ्यांना माहीत आहे.

अग्निवीर नोकरीत असताना गेला तर ४८ लाखांचा विमा आहे आणि कर्तव्यावर गेला तर वर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान. ते असलंच पाहिजे. जायबंदी झाला तर टक्क्यांप्रमाणे रक्कम आहे. मरणाचा हिशोब इतका काटेकोर लावणाऱ्या योजनेला जगून परत आलेल्याच्या आईच्या चाळीस रुपयांच्या गोळ्यांचं पाकीट कसं दिसलं नाही, एवढंच मी कॅप्टनसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘लिही की मग.’ चहाचे पैसे त्यांनीच दिले.

परवा काकू दळण घेऊन जाताना दारात भेटल्या. कार्डाचं काय झालं म्हणून पुन्हा विचारलं. खोटं बोलवेना. म्हटलं, कार्ड नाही मिळायचं काकू, निदान आत्ताच्या नियमात नाही. पण दोन कामं करून ठेवा. फुले योजनेला रेशनकार्ड लागतं, त्यात सगळ्यांची नावं बरोबर आहेत का बघा. आणि जनऔषधीच्या दुकानात बीपीची गोळी निम्म्याहून कमी पैशात मिळते, चिठ्ठी द्या, मी आणतो. त्यांनी डबा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला.

‘नावाचं बघाय पाहिजे,’ त्या म्हणाल्या. ‘मागं एकदा त्याचं चुकलं हुतं. दुरुस्तीला जायाचंच हाय तर जरा थांबते. सून आली की तिचंबी एकदमच घालीन.’